अमेरिकेत सीडीएलवर नवे आहात? रँडम ड्रग-अल्कोहोल टेस्टची पहिल्या फोनपासून निकालापर्यंतची वाट

अमेरिकेत सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहनाचा परवाना घेऊन ट्रक, टँकर किंवा स्कूल बस चालवायला लागलात की केंद्र सरकारच्या नियमाखाली होणाऱ्या रँडम टेस्टच्या यादीत तुमचं नाव जातं. पहिला फोन आला की नवखा माणूस मनात म्हणतो, मी काही घेत नाही, मला कसली भीती? पण काहीही न घेणारे लोकही या टेस्टमध्ये अडकतात. कोणी क्लिनिकमधून लवकर निघून जातो, कोणी अनोळखी नंबरचा फोन उचलत नाही, कोणी बायकोच्या दातदुखीची उरलेली गोळी घेतलेली असते. नियमांत घड्याळ आणि कागद या दोन गोष्टींना फार वजन आहे. म्हणून इथे सगळं टेस्टच्याच क्रमाने दिलं आहे, आणि माणसं जिथे चुकतात तिथे जास्त थांबलो आहोत.

यादीत कोण असतं

ज्या वाहनाला सीडीएल लागतं ते चालवणारा प्रत्येक जण. म्हणजे २६,००१ पौंड किंवा जास्त वजनक्षमतेचं वाहन, ड्रायव्हर धरून १६ किंवा जास्त माणसांची बस, किंवा धोकादायक मालाची पाटी लावावी लागते असं कोणतंही वाहन. पूर्णवेळ चालवता की आठवड्यातून दोन सकाळी शाळेची बस नेता, याने फरक पडत नाही. शिकाऊ परवाना घेऊन अशी गाडी चालवणाराही यात येतो. उलट खिशात सीडीएल आहे पण काम छोट्या डिलिव्हरी व्हॅनचं, तर ही केंद्राची टेस्ट लागू होत नाही. कंपनी आपल्या धोरणाने वेगळी टेस्ट घेऊ शकते, तिचा फॉर्म वेगळा आणि नियमही वेगळे.

या सगळ्याचं मूळ एका रेल्वे अपघातात आहे. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेस इथे कॉनरेलची इंजिनं सिग्नल ओलांडून ॲमट्रॅकच्या प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि १६ जण गेले. इंजिनवरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढला होता. १९९१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा केला आणि विमान, रेल्वे, ट्रक, शहरी बस अशा सगळ्या वाहतुकीत टेस्ट सक्तीची झाली. नमुना कसा घ्यायचा, प्रयोगशाळेने काय करायचं, डॉक्टरने काय विचारायचं हे वाहतूक खात्याच्या भाग ४० मध्ये आहे आणि ते सगळ्यांना सारखंच लागू आहे. ट्रक-बसवाल्यांसाठीचे खास नियम भाग ३८२ मध्ये. हे दोन आकडे लक्षात ठेवा. क्लिनिकमध्ये वाद झालाच तर ‘भाग ४० मध्ये असं आहे का?’ या प्रश्नाने बरंच काम होतं.

चिठ्ठी कशी निघते

मोटार वाहतुकीत वर्षाला ड्रायव्हरांच्या सरासरी संख्येच्या किमान ५० टक्के ड्रग टेस्ट आणि किमान १० टक्के अल्कोहोल टेस्ट कराव्या लागतात. ड्रगचा दर आधी २५ टक्के होता, २०२० पासून तो दुप्पट झाला. नावं कॉम्प्युटर काढतो. नाव निघालं म्हणून ते यादीतून वगळलं जात नाही, पुढच्या वेळी तुमची शक्यता इतरांइतकीच असते.

बहुतेक कंपन्या दर तिमाहीला नावं काढतात. ५० टक्क्यांच्या हिशोबाने प्रत्येक तिमाहीत आठातला एक निवडला जातो. चारही तिमाहीत सुटण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के, म्हणजे वर्षात किमान एकदा नाव निघण्याची शक्यता ४१ टक्क्यांच्या आसपास. लागोपाठ दोन तिमाहीत तुमचंच नाव निघणं चौसष्टात एकदा घडतं. पन्नास ड्रायव्हरांच्या कंपनीत अधूनमधून कोणा ना कोणाच्या बाबतीत हे होणारच. तेव्हा ‘मलाच का टार्गेट करतात’ म्हणून सेफ्टी मॅनेजरशी भांडायला जाऊ नका. भांडून टेस्ट टळत नाही, आणि त्या भांडणात उशीर झाला तर तो वेगळ्या नावाने नोंदला जातो.

आधी घरातला औषधांचा डबा बघा

ड्रग टेस्टमध्ये पाच गट तपासतात: गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन, ओपिऑइड आणि पीसीपी हे नशेचं रसायन. ॲम्फेटामाइनमध्ये मेथ आणि एमडीएमए येतात. ओपिऑइडमध्ये कोडीन, मॉर्फिन, हेरॉइन यांच्या जोडीला २०१८ पासून हायड्रोकोडोन, हायड्रोमॉर्फोन, ऑक्सिकोडोन आणि ऑक्सिमॉर्फोन आले. शेवटची चार नावं महत्त्वाची, कारण अक्कलदाढ काढल्यावर किंवा पाठीच्या ऑपरेशननंतर अमेरिकी डॉक्टर हीच लिहून देतात. तुमच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन असेल तर मार्ग आहे. दुसऱ्याच्या बाटलीतली एक गोळीही घेतली असेल तर मार्ग नाही.

गांजाच्या बाबतीत राज्याचा कायदा विसरा. कॅलिफोर्नियात दुकानात खुला मिळतो, डॉक्टरने कार्ड दिलंय, वीकेंडला ओढला होता, यातलं कोणतंही कारण केंद्राच्या टेस्टमध्ये चालत नाही. सीबीडीचं, म्हणजे गांजाच्याच झाडातल्या दुसऱ्या एका घटकाचं, तेल आणि गोळ्यांचंही तेच. बाटलीवर काहीही छापलेलं असो, त्यात टीएचसी, म्हणजे गांजातला नशेचा घटक, निघू शकतं, आणि ‘मी फक्त सीबीडी घेतलं’ हे उत्तर निकाल तपासणारा डॉक्टर स्वीकारू शकत नाही. कधीतरी घेणाऱ्याच्या लघवीत खूण काही दिवस राहते, रोज घेणाऱ्याच्या काही आठवडे. होळीला किंवा महाशिवरात्रीला भारतात गेलात आणि थंडाईत भांग होती, तर परतल्यावर आलेल्या टेस्टमध्ये तो गांजाच आहे.

आता आपल्याकडच्या खास गोष्टी, ज्या इंग्रजी पुस्तिकांत सापडत नाहीत.

खसखस ही अफूच्याच झाडाची. तिच्यात मॉर्फिन-कोडीनचा थोडा अंश असतो, माल कुठला आणि कसा साफ केला त्यावर कमी-जास्त. मॉर्फिन आणि कोडीनची मर्यादा मुद्दाम उंच, २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवली आहे, ती बरीचशी या अन्नातल्या अंशामुळेच. तिच्या वर पण १५,००० च्या खाली आकडा आला आणि हेरॉइनची खूण नसेल, तर गैरवापराचा वैद्यकीय पुरावा असल्याशिवाय डॉक्टर पॉझिटिव्ह ठरवू शकत नाही. १५,००० किंवा वर गेला तर मात्र खाण्याचं कारण ऐकलं जात नाही. दोन अनारसे खाऊन तिथवर कोणी पोचत नाही. पण दिवाळीत वाटीवाटीने खसखशीची खीर आणि जोडीला डिंकाचे लाडू असा बेत असेल, तर कामाच्या आठवड्यात हात आखडता घ्यावा. विनाकारण डॉक्टरचा फोन कशाला ओढवून घ्यायचा?

आसव आणि अरिष्ट या औषधांत आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव सगळ्यांत. ट्रकवाल्यांच्या नियमात ‘अल्कोहोल घेणं’ या व्याख्येत औषधातलं अल्कोहोलही धरलं आहे, त्यामुळे ड्यूटीआधीच्या ४ तासांत ते घेणंही नियमात बसत नाही. आयुर्वेदिक गोळ्यांच्या डबीवर घटकांत ‘विजया’ दिसलं तर ती भांग, ‘अहिफेन’ दिसलं तर अफू. ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत ती डबी ड्रायव्हरच्या घरात नको.

भारतातून आणलेल्या खोकल्याच्या औषधात कोडीन असू शकतं. परदेशात कायदेशीर मार्गाने घेतलेलं आणि खऱ्या आजारासाठी घेतलेलं औषध डॉक्टर विचारात घेऊ शकतो, पण पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. चिठ्ठी, बिल आणि बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तंबाखू आणि गुटखा या टेस्टमध्ये बघत नाहीत. दातांचं काय ते दंतवैद्य बघेल.

नियमित प्रिस्क्रिप्शन असेल तर ज्याने लिहिलं त्या डॉक्टरकडून एक पत्र आधीच घेऊन ठेवा: हा माणूस व्यावसायिक वाहन चालवतो हे मला ठाऊक आहे आणि या औषधाने त्याच्या ड्रायव्हिंगवर वाईट परिणाम होणार नाही. औषधाचं नाव, डोस, तारीख. हे पत्र पुढे कुठे लागतं ते खाली येईल.

फोन आला

रँडम टेस्टची सूचना आगाऊ देत नाहीत. डिस्पॅचर किंवा सेफ्टी ऑफिस सांगतं, क्लिनिकचा पत्ता देतं, कधी एक फॉर्म हातात ठेवतं. त्या क्षणापासून ‘ताबडतोब’ सुरू होतं. ड्रायव्हरांमध्ये ‘दोन तास मिळतात’ असं ऐकायला येतं. नियमात असा कोणताही आकडा नाही. सूचना मिळाल्यावर तुमची प्रत्येक हालचाल क्लिनिककडे नेणारी हवी, एवढाच अर्थ. गाडी चालवत असाल तर सुरक्षित जागी लावा, माल उतरवत असाल तर तो थांबवून निघा. वाटेत घरी जाऊन जेवणं, मुलाला शाळेतून आणणं, आधी एक ट्रिप टाकून येणं हे सगळं ‘टेस्टला नकार’ या सदरात जाऊ शकतं, आणि नकार म्हणजे परिणामांच्या हिशोबात पॉझिटिव्हच.

निघताना करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. सूचना किती वाजता, कोणी दिली ते लिहून ठेवा. फोटो असलेलं ओळखपत्र घ्या. पत्ता आणि क्लिनिकची वेळ खात्रीने विचारा. क्लिनिक बंद निघालं किंवा रांग लांबली तर तिथूनच ऑफिसला फोन करा, मेसेजही टाका, आणि पुढे काय करायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. स्वतःच्या मनाने ‘उद्या येतो’ ठरवू नका.

अल्कोहोलची रँडम टेस्ट ड्यूटीच्या लगेच आधी, दरम्यान किंवा लगेच नंतरच घेता येते. ड्रगची तशी अट नाही.

एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. रँडम टेस्टला जाण्याचा, तिथे थांबण्याचा आणि परत येण्याचा वेळ तासांच्या नियमात ऑन-ड्यूटी धरला जातो. ईएलडीवर, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक लॉगवर, ‘ऑफ ड्यूटी’ टाकून बसलात तर लॉग खोटा ठरतो. क्लिनिकमध्ये तीन तास गेले आणि दिवसाच्या ड्यूटीची १४ तासांची खिडकी संपत आली तर डिस्पॅचरला तेव्हाच सांगा, पुढचं पिकअप त्याने बदलायचं असतं.

क्लिनिकमध्ये: आधी श्वास

दोन्ही टेस्ट असतील तर शक्यतो अल्कोहोलची आधी घेतात. तोंडात काही असेल, पान, सुपारी, च्युइंगम, माउथवॉश, ते आत जाण्याआधीच संपवा आणि पाण्याने चूळ भरा. बंद पाकिटातलं नवं तोंडाचं टोक तुमच्यासमोर उघडून यंत्राला लावतात. मशीन पुरे म्हणेपर्यंत किंवा किमान ६ सेकंद जोराने, एकसारखं फुंकायचं. धाप लागल्यासारखं तुटक फुंकलं की नमुना अपुरा पडतो, आणि पुन्हा पुन्हा अपुरा पडला तर मामला डॉक्टरकडे जातो.

आकडा ०.०२ च्या खाली असेल तर विषय संपला. ०.०२ किंवा वर आला तर किमान १५ मिनिटं थांबवून दुसरी, पक्की टेस्ट घेतात. या वेळात काही खायचं-प्यायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, शक्यतो ढेकरही नको. कारण साधं आहे: तोंडात उरलेलं माउथवॉशचं अल्कोहोल पंधरा मिनिटांत उडून जातं, रक्तातून फुप्फुसात येणारं जात नाही. ही वाट पाहणं तुमच्या बाजूचं आहे, घाई करू नका. दुसऱ्या टेस्टआधी यंत्र मोकळ्या हवेवर चालवून ०.०० दाखवावं लागतं. तो आकडा तुम्ही बघा. अंतिम निकाल दुसऱ्या टेस्टचाच.

०.०२ ते ०.०३९ आला तर किमान २४ तास गाडी चालवता येत नाही. ०.०४ किंवा वर म्हणजे नियमभंग, पुढची सगळी प्रक्रिया सुरू. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या भाषेत ०.०३, ही मर्यादा आहे. त्यावरून कोणी म्हणेल अमेरिका सैल आहे. प्रत्यक्षात ०.०२ लाच माणूस गाडीवरून उतरतो. रात्री उशिरापर्यंत पार्टी आणि सकाळी सहाला ड्यूटी, ही गणितं नेमकी इथे फसतात. ४ तासांचा नियम पाळला तरी आकडा खाली आलेला असेलच असं नाही.

मग लघवीचा नमुना

फॉर्म बघा. केंद्राच्या टेस्टला पाच प्रतींचा केंद्राचा ‘कस्टडी अँड कंट्रोल फॉर्म’ लागतो आणि त्यावर एफएमसीएसएची, म्हणजे ट्रक-बसचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, चौकट खूण केलेली असते. दुसराच फॉर्म पुढे आला तर शांतपणे विचारा. ‘आम्ही जबाबदार नाही’ छापाचं संमतिपत्र किंवा हक्क सोडल्याचा कागद या टेस्टसाठी तुमच्याकडून सही करून मागता येत नाही.

कोट, जॅकेट, टोपी बाहेर. पिशवी बाहेर. पाकीट जवळ ठेवता येतं. खिसे रिकामे करून दाखवायचे. हात धुवायचे, कलेक्टरसमोर, म्हणजे नमुना घेणाऱ्या माणसासमोर. किट तुमच्यासमोर उघडायला हवं. आत कमोडचं पाणी निळं असतं आणि नळ बंद किंवा सीलबंद, कारण नमुन्यात पाणी मिसळू नये. तुम्हाला किमान ४५ मिलिलिटर द्यायचं आहे. फ्लश करायचं नाही. काम झालं की कप लगेच बाहेर द्यायचा.

‘लगेच’ला कारण आहे. कलेक्टर ४ मिनिटांच्या आत कपावरच्या पट्टीवर तापमान बघतो आणि ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये हवं. कप बाजूला ठेवून हात धुवत, मोबाइल बघत राहिलात आणि नमुना थंड झाला, तर दुसरा नमुना तेव्हाच आणि कोणाच्या तरी नजरेसमोर द्यावा लागतो. निरीक्षक तुमच्याच लिंगाचा असतो, शर्ट कमरेच्या वर आणि पँट मांडीपर्यंत खाली करून जवळ काही लपवलेलं नाही हे आधी दाखवावं लागतं. अपमानास्पद वाटतं, वाटणारच. पण त्याला नाही म्हणणं हा नकार आहे.

मग तुमच्यादेखत नमुना दोन बाटल्यांत ओततात: एकीत किमान ३० मिलिलिटर, दुसरीत किमान १५. दोन्हींवर सील आणि तारीख, सीलवर तुमची आद्याक्षरं. हे सगळं होईपर्यंत बाटल्यांवरून नजर हलवू नका, पाठ फिरवू नका. आद्याक्षरं सील बाटलीवर बसल्यावरच करा, आधी नाही. फॉर्मवर सही, जन्मतारीख आणि फोन नंबर. इथे नंबर असा द्या जो पुढचे दोन आठवडे तुमच्या हातात असेल. शेवटची प्रत तुमची. औषधांची यादी फॉर्मच्या दर्शनी भागावर लिहू नका, कलेक्टरला सांगूही नका, त्याचा त्याच्याशी संबंध नाही. आठवणीसाठी हवी तर स्वतःच्या प्रतीच्या मागे लिहा.

लघवी होत नसेल तर

दबावाखाली न होणं हे अगदी सामान्य आहे, आणि निरपराध माणसं सगळ्यात जास्त इथे अडकतात. ४५ मिलिलिटरपेक्षा कमी झालं तर तो नमुना टाकून देतात आणि तीन तासांचं घड्याळ सुरू होतं. या काळात एकूण ४० औंस, म्हणजे साधारण १.२ लिटरपर्यंत पाणी दिलं जातं. थोडं थोडं करून प्या. नाही प्यायलात तरी तो नकार नाही. पण इमारत सोडलीत, ‘जरा ट्रक बघून येतो’ म्हणालात, कंटाळून घरी गेलात, तर तो नकार. क्लिनिकची बंद व्हायची वेळ झाली तरी स्वतःहून निघू नका. कलेक्टरने जायला सांगितलं तर कंपनीच्या माणसाला तिथूनच फोन लावा आणि त्यांचं बोलणं करून द्या.

तीन तासांत झालंच नाही तर कंपनी तुम्हाला डॉक्टरकडे पाठवते आणि ५ दिवसांत तपासणी व्हावी लागते. शारीरिक किंवा आधीपासून नोंदलेलं मानसिक कारण असेल तर टेस्ट रद्द होते. ‘मी घाबरलो होतो’ एवढंच कारण असेल तर तो नकार ठरतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे टेस्टच्या भीतीने आधीच गॅलनभर पाणी ढोसणं. नमुना पातळ निघतो. निगेटिव्ह पण पातळ असेल तर कंपनी, तिचं तसं धोरण असल्यास, पुन्हा पाठवू शकते. क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत मुळातच असणारा एक घटक, २ ते ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आलं तर पुन्हा नमुना द्यावाच लागतो, आणि तोही नजरेसमोर. दोनच्या खाली आणि घनताही माणसाच्या लघवीत न बसणारी असेल तर प्रयोगशाळा नमुना बदललेला समजते. सकाळपासून नेहमीसारखं पाणी प्यायलेला माणूस या फंदात पडत नाही.

२०२३ मध्ये लाळेच्या नमुन्यालाही नियमात जागा मिळाली, पण त्यासाठी केंद्राने प्रमाणित केलेल्या किमान दोन प्रयोगशाळा लागतात. नवख्याने लघवीचीच तयारी ठेवावी.

निकाल येईपर्यंत, आणि तो फोन

नमुना दिल्यावर तुम्ही नेहमीसारखं काम करता. केवळ रँडम टेस्ट झाली म्हणून निकाल येईपर्यंत घरी बसवायला कंपनीला खास सूट लागते, आणि ती क्वचितच कोणाकडे असते.

प्रयोगशाळेत पहिल्या चाळणीत काही दिसलं तरच दुसरी, जास्त अचूक तपासणी होते. तीही पॉझिटिव्ह आली तर निकाल आधी कंपनीकडे जात नाही. तो एमआरओकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या डॉक्टरकडे जातो आणि तो तुम्हाला फोन करतो. हा फोन चुकवू नका. २४ तासांत तीनदा प्रयत्न करून तुम्ही सापडला नाहीत तर तो कंपनीला ‘त्याला मला फोन करायला सांगा’ एवढाच निरोप देतो. निरोप मिळाल्यापासून ७२ तासांत तुम्ही फोन केला नाही तर तुमचं काहीही न ऐकता पॉझिटिव्ह लागतो. स्पॅमच्या भीतीने अनोळखी नंबर न उचलणं, व्हॉइसमेल भरलेला असणं, सिम बदलणं, याची किंमत परवान्याने मोजावी लागते. टेस्टनंतर दोन आठवडे प्रत्येक फोन उचला.

फोनवर डॉक्टर ओळख पटवेल, कोणता पदार्थ सापडला ते सांगेल आणि वैद्यकीय कारण विचारेल. इथे प्रिस्क्रिप्शन सांगायचं: औषध, डॉक्टर, फार्मसी, तारीख. कागद लगेच हाताशी नसतील आणि मिळतील असं दिसत असेल तर ५ दिवसांची मुदत मिळते. इंग्रजीत अडखळत असाल तर तसं सांगा आणि दुभाषा मागा, अंदाजाने ‘येस, येस’ म्हणू नका.

प्रिस्क्रिप्शन मान्य होऊन निकाल निगेटिव्ह झाला तरी गोष्ट तिथेच थांबेल असं नाही. हे औषध घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे असं एमआरओला वाटलं तर तो कंपनीला कळवू शकतो. त्याआधी तुमच्या डॉक्टरने त्याच्याशी बोलावं म्हणून ५ कामकाजाचे दिवस देतो. ते आधी घेऊन ठेवलेलं पत्र इथे कामी येतं.

निकाल पॉझिटिव्ह ठरलाच आणि तो चुकीचा वाटत असेल, तर सांगितल्यापासून ७२ तासांत दुसऱ्या बाटलीची तपासणी मागा. ती वेगळ्या प्रयोगशाळेत होते. पैसे नाहीत म्हणून ती अडवता येत नाही. कंपनीला ती करून द्यावी लागते, खर्चाचं नंतर बघितलं जातं. तोंडी मागणी चालते, पण सोबत ईमेलही करा. आणि आपल्या टेस्टचे कागद लेखी मागितले तर एमआरओ किंवा प्रयोगशाळेने १० कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असतात.

स्वतःचाच ट्रक असेल तर

एक ट्रक, एक ड्रायव्हर आणि मालकही तोच, अशा माणसाला वाटतं आपलीच टेस्ट आपण कशी घेणार. घेता येतच नाही. त्याला कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे अनेक छोट्या मालकांची सामाईक यादी चालवणाऱ्या संस्थेत, नाव घालावं लागतं आणि क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन नोंदवहीत, ती संस्था नेमावी लागते. वार्षिक फी भरली आणि विसरलो, असं चालत नाही. ईमेल बदलला, सूचना पोचली नाही, टेस्ट झाली नाही, की ऑडिटमध्ये दोष मालकाचा. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक टेस्टची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. नवीन कंपनीच्या सेफ्टी ऑडिटमध्ये मागतात त्यातले हे अगदी पहिले कागद.

क्लिअरिंगहाऊस

केंद्राची ही ऑनलाइन नोंदवही ६ जानेवारी २०२० पासून चालू आहे. पॉझिटिव्ह निकाल, नकार, ०.०४ किंवा वरचा अल्कोहोलचा आकडा, सगळं तिथे जातं आणि कोणत्याही राज्यातली नवी कंपनी नोकरी देण्याआधी ते बघते. कंपनीला प्रत्येक चौकशीमागे सव्वा डॉलर पडतो, ड्रायव्हरला नोंदणी फुकट. नोकरीआधीच्या पूर्ण चौकशीला तुमची संमती ऑनलाइनच द्यावी लागते, म्हणून सीडीएल हातात आल्याबरोबर खातं उघडा. परवान्यावरचं नाव आणि नंबर जसाच्या तसा भरा. आडनाव आणि वडिलांचं नाव यांची उलटापालट ही आपल्या लोकांची नेहमीची अडचण.

नियमभंग नोंदला गेला की स्थिती ‘प्रोहिबिटेड’ होते. १८ नोव्हेंबर २०२४ पासून राज्याला अशा ड्रायव्हरचा सीडीएल ६० दिवसांच्या आत साध्या परवान्यावर आणावा लागतो. परतीचा रस्ता एकच: एसएपी म्हणून नेमलेल्या व्यसन-तज्ज्ञाकडे मूल्यमापन, त्याने सांगितलेला अभ्यासक्रम किंवा उपचार, त्याचंच दुसरं मूल्यमापन, आणि मग नजरेसमोर दिलेली निगेटिव्ह टेस्ट. कंपनीने एसएपींची यादी द्यायची असते, पण नोकरी टिकवायची किंवा खर्च उचलायचा असं तिच्यावर बंधन नाही. पहिल्याचं मत आवडलं नाही म्हणून दुसरा एसएपी गाठता येत नाही. नोंद ५ वर्षं, किंवा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत, यातलं जे लांब ते, राहते.

कामावर परतल्यावर पहिल्या १२ महिन्यांत किमान ६ टेस्ट, सगळ्या नजरेसमोर आणि न सांगता, आणि एसएपीने ठरवलं तर हे ६० महिन्यांपर्यंत चालतं. या टेस्ट रँडमच्या ऐवजी नसतात. त्याच तिमाहीत रँडमची चिठ्ठीही निघाली तर तीही वेगळी द्यावी लागते.